फोर व्हीलला टाकली तरी पुढचं डावं चाक ढिम्म. जॉइंट बदलू का?

छापखानेवाला, ठाणे

मंडळी, वागळे इस्टेटमध्ये माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणूक आली की हँडबिलं. गाडीतलं मला फारसं कळत नाही, पण प्रश्न नीट मांडायचा प्रयत्न करतो.

गाडी 1997 ची जिप्सी किंग, कार्बोरेटरवाली. मी तिचा चौथा मालक. पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे फ्री व्हीलिंग हब आहेत (चाकाच्या मधोमध डायल असते, लॉकवर फिरवली की चाक आतल्या शाफ्टला जोडलं जातं, फ्रीवर फिरवली की सुटं होतं), ते माझ्याआधी कुणीतरी बसवलेत. ठाण्यात ही गाडी चालवणं म्हणजे शिक्षा. तीन हात नाक्याच्या सिग्नलला क्लच दाबून दाबून पोटरीत गोळे येतात. पण टोकावड्याच्या पुढे सासऱ्यांची भातशेती आहे आणि डांबर संपल्यावर शेवटचा पाऊण किलोमीटर लाल मातीचा चढ. पावसाळ्यात तिथे ट्रॅक्टर सोडून फक्त हीच चढते. म्हणजे चढायची.

गेल्या रविवारी लावणी होती. मागे खताच्या सहा गोण्या आणि जेवणाची पातेली. डांबर संपलं तिथे उतरून दोन्ही हब लॉकवर फिरवले, लिव्हर फोर-हायला (चारही चाकांना जोर देणाऱ्या जागेवर) टाकली आणि निघालो. निम्म्या चढावर गाडी बसली. मागचं एक चाक भिंगरीसारखं फिरतंय, चिखलाचा फवारा थेट आमटीच्या पातेल्यावर. मेहुणा डावीकडे उभा होता. तो ओरडला, "दाजी, पुढचं चाक जागचं हलत नाहीये!" शेवटी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने ओढून काढली. लावणीला आलेल्या बायका अजून हसत असतील.

मंगळवारी गाडी घोडबंदर रोडच्या एका गॅरेजला नेली. त्यांनी दोन खांबांच्या लिफ्टवर चारही चाकं अधांतरी उचलली आणि फोर-हायला टाकून पहिल्या गिअरमध्ये सोडली. मागचं चाक जोरात फिरलं. पुढचं उजवं रमतगमत फिरलं. पुढचं डावं अजिबात नाही. पुढचा प्रोपेलर शाफ्ट (पुढच्या अॅक्सलला जोर पोहोचवणारा दांडा) फिरताना मी स्वतः पाहिला. निदान असं मिळालं की डाव्या नकलमधला (चाक जिथे वळतं त्या सांध्यातला) जॉइंट तुटलाय, सामान आणि मजुरी धरून 17 हजार.

कसलाही आवाज नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवलं तरी कटकट नाही. डाव्या बाजूला मी गाडी घेतल्यापासून कुणी हात लावलेला नाही. उजव्या चाकाचं बेअरिंग मात्र गुढीपाडव्याच्या सुमारास दुसरीकडे बदलून घेतलं होतं, पण ते उजवं.

17 हजार द्यायला हरकत नाही, पण ते देऊनही गाडी चढली नाही तर सासऱ्यांना तोंड दाखवता येणार नाही. काय करू?

घणसोलीचा_गडी

ट्रान्स्फर केसची (इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीची) चेन ताणली असणार. लिव्हर पडते पण पुढे जोर जात नाही. माझ्या चुलत्याच्या गाडीत सेम झालेलं. नाहीतर विका आणि नवी काहीतरी घ्या राव, 1997 ची गाडी म्हणजे घरात हत्ती पाळल्यासारखं.

बेलापूरची_ताई

दादा, जॉइंट इतक्या गुपचूप तुटत नाही. माझ्याकडे अकरा वर्षं जिप्सी होती. जॉइंट जायला लागतो तेव्हा आधी कितीतरी दिवस वळणावर कटकट करतो, आणि तुटतो तेव्हा असा आवाज येतो की रस्त्यावरची माणसं वळून बघतात. तुमच्या वर्णनात आवाजच नाही.

माझ्या गाडीचे हब हवेवर लॉक व्हायचे, डॅशबोर्डवर बटण होतं. एकदा पुढची चाकं ओढेनात म्हणून मीही ट्रान्स्फरपर्यंत जाऊन पोहोचले होते. शेवटी निघालं काय, तर सोसायटीच्या उंदराने हवेची नळी कुरतडलेली. तेव्हापासून मी आधी हब बघते. तुमचे हाताचे आहेत म्हणजे उंदीर वाचला, पण हबच बघा. डायल लॉकवर आहे याचा अर्थ आतले दाते बसले असा होत नाही. कधी दात्यावर दाता येतो, गाडी हातभर पुढेमागे केली की मग बसतो.

तुर्भेचा_पाना

छापखानेवाले, पैसे खिशात ठेवा.

घणसोलीकर, जिप्सीच्या ट्रान्स्फरमध्ये चेन नसते, सगळे गिअर असतात. आणि पुढचा प्रोपेलर फिरतोय असं त्यांनी लिहिलंय. प्रोपेलर फिरतो म्हणजे इंजिनपासून ट्रान्स्फरपर्यंतचं सगळं ठीक आहे, ते विसरा. गडबड पुढच्या अॅक्सलमध्ये आहे. वाचून उत्तर द्यावं माणसाने.

आता मुद्द्याचं. तुम्ही एक ओळ लिहिलीत ती गॅरेजवाल्याने पाहिली नाही. मागचं चाक जोरात आणि पुढचं उजवं रमतगमत. का हो रमतगमत? इंजिन एक, गिअर एक. पुढच्या डिफरन्शियलमध्ये (अॅक्सलमधल्या, डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरमध्ये) डावी बाजू थांबली की उजवीला दुप्पट वेग मिळतो. ते चाक मागच्यासारखंच भन्नाट फिरायला हवं होतं. ते आळसावल्यासारखं फिरलं याचा अर्थ त्याला कुणी फिरवत नव्हतं, आतला शाफ्ट फिरत होता आणि ग्रीसच्या चिकटपणाने चाक त्याच्यामागे फरफटत होतं. बोट लावलं असतं तरी थांबलं असतं. (लावू नका. फिरत्या चाकाला हात लावलेले दोन जण मी पाहिलेत, दोघांची बोटं मोजून आठ.)

माझा संशय उजव्या हबवर आहे. चांगलं चाक डावं आहे.

उलटं वाटतं, पण डिफरन्शियलचा स्वभाव तसाच आहे. ते दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतं, कमी नाही जास्त नाही. उजवीकडे हब सुटलेला असेल तर तिकडचा शाफ्ट मोकळाच फिरतो, त्याला अडवणारं काही नाही. मग डावीकडेही तेवढाच जोर मिळणार, म्हणजे काहीच नाही. रस्सीखेचीत समोरच्यांनी दोर सोडला तर तुम्ही कुणाला ओढणार? चिखलात तुमचं डावं चाक म्हणूनच उभं राहिलं. आणि मला सांगा, तेव्हा उजव्या चाकाकडे कोण बघत होतं?

आता फुकटची परीक्षा सांगतो. इंजिन चालू करायचं नाही. किल्ली काढून घरात ठेवा. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा. पुढची दोन्ही चाकं उचलून अॅक्सल घोड्यांवर ठेवा, नुसत्या जॅकवर नाही. हब दोन्ही लॉक, लिव्हर फोर-हाय, गाडी पहिल्या गिअरमध्ये. आता पुढचा प्रोपेलर जखडला गेला. एक चाक हाताने फिरवलं की दुसऱ्याने उलट्या दिशेला फिरायला हवं. नाही फिरलं तर कुठेतरी एक बाजू सुटलेली आहे. कोणती, ते हाताला कळतं. जी बाजू शाफ्टला बांधलेली आहे ती जड लागते, डिफरन्शियलमधून खर्र असा आवाज येतो. जी सुटलेली आहे ती लोण्यासारखी फिरते.

आणि पुढची चाकं घोड्यावर, मागची जमिनीवर असताना फोर व्हीलमध्ये इंजिन चालू करून बघू म्हणणारा कुणी भेटला तर त्याला हाकला. मागची चाकं गाडीला घोड्यावरून ढकलून देतील.

छापखानेवाला, ठाणे

काका, तुमचं वाचून उठलो आणि मेहुण्याला फोन लावला. विचारलं, उजवं चाक फिरत होतं का रे? म्हणाला, "दाजी, उजवीकडे बांध होता, तिकडे कोण जाणार?" म्हणजे त्या दिवशी उजवं चाक कुणीच पाहिलेलं नाही. मीसुद्धा नाही, मी आरशात मागचं बघत होतो.

परीक्षा आज सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये घेतली. घोड्या खालच्या टायरवाल्याकडून आणल्या. सेक्रेटरी दोनदा येऊन गेले, पार्किंगमध्ये दुरुस्तीची कामं करू नयेत अशी पाटी आहे. मी म्हटलं दुरुस्ती नाही, तपासणी आहे. पाटीत तपासणीचं काही लिहिलेलं नाही.

निकाल असा. डावं चाक फिरवलं तर जड, आतून खर्र खर्र, चक्कीवर हात ठेवल्यासारखं. उजवं जागेवरच. मग उजवं फिरवलं. काही आवाज नाही, बोटाने फिरतंय. डावं जागेवर. खात्री करायला डावीकडचा हब फ्रीवर टाकला, तर डावंही तसंच गुळगुळीत झालं. पुन्हा लॉक केलं, पुन्हा खर्र. म्हणजे डावा हब सांगेल तसं ऐकतोय. उजव्याची डायल फ्रीवर टाका नाहीतर लॉकवर, त्याला काही फरक पडत नाही.

मला खरं म्हणजे स्वतःची लाज वाटली. छपाईत पानावर शाई फिकी आली की नवीन पोरगा शाई वाढवायला धावतो. मी त्याला रागावतो, आधी पाण्याचा रोलर बघ म्हणून. आणि इथे मी स्वतः 17 हजारांची शाई वाढवायला निघालो होतो.

पुढे काय करू? उजवा हब खोलू का? मला जमेल का?

तुर्भेचा_पाना

मशीन चालवता ना? मग जमेल.

फक्त बाहेरचं झाकण काढायचं, ज्यावर डायल आहे ते. बारीक बोल्ट आहेत, आडवे-तिडवे ढिले करा, एकाच बाजूने नाही. खाली वर्तमानपत्र पसरा. झाकणामागे एक पातळ गॅस्केट असतं, फाटलं तर नवीन लागेल. आत बघा, मधोमध शाफ्टचं दातेरी टोक दिसेल. आता कुणालातरी डावं चाक फिरवायला सांगा. शाफ्टचं टोक फिरतंय आणि भोवतीचा हब उभा आहे असं दिसलं की गुन्हा सिद्ध. शाफ्टही फिरला नाही तर मात्र आत जॉइंट किंवा शाफ्ट तुटलाय, मग झाकण लावून परत इथे या.

टोकाच्या खाचेत एक गोल सरक्लिप (शाफ्टला जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी) असायला हवी. ती आहे का ते पहिलं बघा. बेअरिंग बदलताना ती काढावीच लागते.

छापखानेवाला, ठाणे

काका. ताई. ऐका.

बायकोला डावं चाक फिरवायला बसवलं. (ती म्हणाली, बावीस वर्षांच्या संसारात एवढंच राहिलं होतं.) मी उजवीकडे टॉर्च घेऊन. झाकण निघालं आणि आत काय दिसलं, तर ग्रीस. नुसतं ग्रीस. श्रीखंडाच्या डब्यासारखं काठोकाठ भरलेलं, आणि तेही दुधाळ, म्हणजे पाणी गेलेलं. चमच्याने काढलं, खरंच चमच्याने, आता तो चमचा गाडीतच राहील असा आदेश आहे.

पुसून झाल्यावर बायकोने चाक फिरवलं आणि शाफ्टचं टोक माझ्या डोळ्यांसमोर उलटं फिरलं. हब जागेवर, चाक जागेवर, मधला शाफ्ट एकटाच गोल गोल. मी इतका जोरात ओरडलो की सेक्रेटरी तिसऱ्यांदा आले. त्यांनाही दाखवलं. तेही दहा मिनिटं बघत बसले.

सरक्लिप नाही. खाच स्वच्छ, रिकामी. शाफ्ट आतल्या बाजूला सरकलेला आहे असं वाटतंय, डाव्या बाजूचं झाकण काढून तुलना केली तर तिकडे टोक बरंच बाहेर आहे आणि सरक्लिप चकचकीत बसलेली आहे. उजवीकडे मधल्या रिंगचे दाते एका कडेला घासलेत, पण थोडेसेच. फोटो टाकलेत.

तुर्भेचा_पाना

फोटो पाहिले. बेअरिंग घालणाऱ्याने सरक्लिप परत घातली नाही. पडली असेल, सापडली नसेल, संध्याकाळ झाली असेल. ती नाही म्हणून शाफ्ट आत सरकला आणि मधल्या रिंगची पकड सुटली. वर ग्रीस ठासलं. बेअरिंगला ग्रीस भरपूर लागतं, हबच्या सरकत्या भागाला नुसता हात फिरवल्याइतकं. तिथे ठासून भरलं की डायल फिरते पण स्लीव्ह सरकत नाही. दोन चुका एकाच ठिकाणी, म्हणून तुम्ही डायल कशीही फिरवा, त्याला फरक पडत नव्हता. दाते चालतील, लहान कानशीने कड मारून घ्या.

शाफ्ट बाहेर ओढायला युक्ती आहे. टोकाला मधोमध आटे असतात. त्यात 8 मिलिमीटरचा लांब बोल्ट चार-पाच आटे फिरवा, तो धरून शाफ्ट बाहेर ओढा, तसाच ताणून धरा आणि दुसऱ्याने सरक्लिप खाचेत बसवायची. एकट्याने करू नका, सुटली की डोळ्यात जाते. सरक्लिप जाडीला बरोबर घ्या, डावीकडची काढून माप दाखवा. पातळ घातलीत तर महिन्याने पुन्हा भेटू.

झाल्यावर तीच हाताची परीक्षा. उजवं फिरवलं की डावं उलटं. मगच चाकं खाली.

बेलापूरची_ताई

आणि दादा, जमलं म्हणून आनंदात फोर व्हील टाकून घोडबंदर रोडला चक्कर मारू नका. जिप्सीला मध्ये डिफरन्शियल नाही. कोरड्या डांबरावर वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो फरक जिरायला चिखल किंवा खडी लागते. डांबरावर सगळा ताण शाफ्टात साठतो आणि मग लिव्हरही निघत नाही. मी एकदा वाशीच्या पुलावर हे करून बसलेय. पुलाच्या टोकाला गाडी थोडी रिव्हर्स घेतली तेव्हा सुटली, मागून ट्रकवाल्यांच्या शिव्या खात.

घणसोलीचा_गडी

मी चेन म्हटलं ते मागे घेतो. काका, चुलत्याच्या गाडीचं पण बघाल का कधी?

छापखानेवाला, ठाणे

उशीर झाला लिहायला, मध्ये शाळांच्या वह्यांची छपाई होती.

सरक्लिप दोन आणल्या, एक डॅशबोर्डच्या कप्प्यात सुटी ठेवलीय. दोन्ही मिळून जेवढे पैसे झाले तेवढ्यात वागळे इस्टेटमध्ये दोन वडापाव येतात. बोल्टची युक्ती पहिल्या फटक्यात नाही जमली. पोराने शाफ्ट ओढून धरला, मी सरक्लिप लावायला गेलो, ती उडून सेक्रेटरींच्या स्कूटरखाली गेली. तिसऱ्यांदा टक् असा आवाज आला आणि बसली. रॉकेलने हब धुतला, वाळवला, बोटभर ग्रीस. गॅस्केट फाटलंच होतं, ते मी छापखान्यातल्या जाड कागदाचं कापून बसवलं, दुकानातलं मिळेपर्यंत. कागद कापणं हा एकच विषय आहे ज्यात मी इथे कुणाचं ऐकणार नाही.

परीक्षा: उजवं पुढे, डावं मागे. खर्र दोन्हीकडून. बायकोला पुन्हा बोलावून दाखवलं.

रविवारी टोकावड्याला गेलो. शनिवारी रात्रभर पाऊस झालेला, चढाचं नुसतं लोणी झालं होतं. मेहुण्याला या वेळी उजवीकडे बांधावर उभं केलं आणि पोराला डावीकडे. जिथे मागच्या वेळी बसली होती तिथे मागचं चाक थोडं घसरलं, पुढून एक हिसका बसला, स्टिअरिंग हातात जड झालं आणि गाडी वर. मेहुणा बांधावरून घसरून चिखलात पडला, पण पडता पडता म्हणाला, "फिरतंय दाजी!"

गॅरेजवाल्यांना फोन करून सांगितलं की जॉइंट नको. का ते सांगितलं. ते म्हणाले, असं कसं होईल.

एकच शंका राहिलीय. घरी आल्यावर उजव्या नकलच्या मागच्या बाजूला, गोल गोळ्यावर, काळं तेलकट दिसतंय. डावीकडे कोरडं आहे. हे आत्ताच झालंय की आधीपासून होतं ते मला सांगता येत नाही, कारण तिकडे मी कधी बघितलंच नव्हतं.

तुर्भेचा_पाना

गोळ्यामागचं सील. काळं आणि दाट असेल तर नकलमधलं ग्रीस आहे, त्याची घाई नाही, दिवाळीपर्यंत थांबेल. पातळ असेल आणि गिअर ऑइलचा वास येत असेल तर अॅक्सलच्या नळीतलं आतलं सील गेलंय. डिफरन्शियलचं तेल नकलमध्ये उतरतंय, तिथलं ग्रीस धुऊन काढेल. आधी डिफरन्शियलची लेव्हल बघा, मग बोटाला लावून वास घ्या आणि इथे लिहा. बुधवारनंतर लिहा, मंगळवारपर्यंत मी गावी आहे, तिकडे रेंज नाही.